रात्री दहानंतर तिथे किती माणसं असतात?

पुण्यात आईवडिलांसाठी किंवा घरातल्या एखाद्या एकट्या पडलेल्या माणसासाठी केअर सेंटर शोधायची वेळ आली की आपण सगळे साधारण तेच विचारतो. रूम शेअरिंग आहे का, टॉयलेट अटॅच्ड आहे का, जेवण घरगुती असतं ना, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, डिपॉझिट किती. मग आपल्याला बाग दाखवतात, देवघर दाखवतात, गणपतीतल्या भजनाचे फोटो मोबाईलवर दाखवतात आणि आपण मनातल्या मनात ठरवतो की बरं दिसतंय. हे सगळं बघायला आपण जातो ते सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचच्या मध्ये, आणि त्या वेळेला बहुतेक ठिकाणी माणसं असतातच. खरा प्रश्न रात्रीचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा त्या इमारतीत प्रत्यक्ष अंगाला हात लावून काम करणारी किती माणसं जागी असतात? मला हा एक प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो, आणि माझं स्पष्ट म्हणणं आहे की ज्या सेंटरला ह्याचं उत्तर आकड्यात आणि लेखी देता येत नाही त्याला अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवायची परवानगीच नसावी.

हे मी रागाने बोलत नाहीये, साधा हिशोब आहे, तुम्हीही करून बघा. समजा २० बेडचं सेंटर आहे, धायरी-नऱ्हे, वारजे, आंबेगाव, वाघोली कुठेही असतं तसं, दुमजली बंगला भाड्याने घेऊन चालवलेलं. त्यातले १२ जण असे की ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे कुठलीही ट्रेन्ड नर्स झोपेत सांगेल. म्हणजे रात्री दहा, बारा, दोन आणि चार, १२ जणांचं चार वेळा, झाले ४८ वेळा. एका वेळेला पाच मिनिटं धरली, उशा लावणं, टाच अधांतरी ठेवणं, चादरीची चुणी काढणं हे सगळं धरून, तर चार तास झाले. वर रात्रीतून माणशी दोन डायपर, एकाला दहा मिनिटं, म्हणजे आणखी चार तास. कूस आणि डायपर एकत्र उरकलं तरी पाच-सहा तास कुठे गेले नाहीत, आणि हे दोन माणसांचे तास आहेत कारण ६५-७० किलोच्या माणसाला एकट्या बाईने वळवता येत नाही, ती त्याला ओढते, आणि ओढताना चादरीवर घासून कातडी सोलवटते. शिवाय उरलेले आठ जण आहेत, कोणाला बाथरूमला धरून न्यायचंय, कोणी रात्री दोनला उठून मला घरी जायचंय म्हणत दाराकडे निघालंय. म्हणजे दोन जागी माणसं हे अगदी कमीत कमी झालं, त्यात कोणाला धड चहा पिता येणार नाही.

आणि प्रत्यक्षात किती असतात? अनेक ठिकाणी एक मावशी असते, आणि ती सकाळपासून तिथेच असते कारण तिची ड्युटी २४ तासांची, राहणं तिथेच, झोपणं तिथेच पेशंटच्या कॉटखाली गादी टाकून. तीन-चारच्या सुमारास तिला झोप लागली तर मी तिला एका शब्दाने दोष देणार नाही.

रात्रीचे हे न झालेले ४८ वेळा कुठे दिसतात तर माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचांवर दिसतात. सुरुवात साध्या लाल डागाने होते, बोटाने दाबला तरी तो पांढरा पडत नाही, तीच वेळ असते लक्ष द्यायची. तेव्हा कूस बदलत राहिलं तर डाग जातो. नाही बदलली तर कातडी फुटते, मग खड्डा, आणि चौथ्या स्टेजला आत हाड दिसतं. एअर बेड, म्हणजे हवेची गादी, लावलाय असं सांगून बरीच सेंटर्स नातेवाइकांना गप्प करतात, पण एअर बेड हा मदतीला असतो, त्याने कूस बदलायचं काम सुटत नाही. बेडसोर म्हातारपणामुळे होतो हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की डॉक्टर, सेंटर आणि आपण स्वतः तिघंही ते नशीब म्हणून मान्य करून टाकतो. काहींना खूप काळजी घेऊनही होतो हे खरंय, शेवटच्या दिवसांत शरीरच साथ देत नाही, पण माणूस सेंटरमध्ये आला तेव्हा कातडी स्वच्छ होती आणि दोन महिन्यांत जखम झाली तर त्याचा जाब विचारलाच पाहिजे.

माझ्या आत्याला शेवटी शेवटी सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला एका सेंटरमध्ये ठेवलं होतं. पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यावर तिचं भान गेल्यासारखंच झालं होतं, मला कधी ओळखायची, कधी मला तिची आई समजून जेवलीस का विचारायची. नाकातून नळी होती. एकदा तिच्या हातावरची चादर मी सरळ करत होते तर मनगटावर वळ दिसला, बांगडी रुतल्यासारखा, पण बांगड्या तर केव्हाच काढलेल्या. विचारलं तर ऑफिसमधून उत्तर आलं की त्या नळी ओढतात, त्यांच्याच सेफ्टीसाठी रात्री हात बांधावा लागतो, सगळीकडे असंच करतात. कॉटच्या दांडीला एक जुनी ओढणी गुंडाळलेली होतीच. नंतर जिन्यात मावशी भेटल्या, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ताई, रात्री खाली मी एकटी, वर पण मीच. आजींजवळ बसायला कोणी असतं तर कशाला बांधलं असतं?" 

त्या मावशींनी जे सांगितलं ना, तेच देशाच्या कायद्यात लिहिलेलं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९७ मध्ये म्हटलंय की माणसाला बांधून ठेवायचं ते फक्त समोर उभा असलेला तातडीचा धोका टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही, त्याची नोंद ठेवायची, २४ तासांच्या आत त्या माणसाच्या प्रतिनिधीला कळवायचं, आणि केवळ स्टाफ कमी आहे म्हणून बांधता येणार नाही. स्टाफ कमी आहे ही सबब चालणार नाही असं संसदेने शब्दांत लिहून ठेवलंय. हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांना लागू आहे आणि आपली केअर सेंटर्स म्हणणार की आम्ही त्यात येत नाही. पण त्याच कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या बघा, विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मरणशक्ती ह्यांत मोठा बिघाड होऊन रोजचं जगणं अवघड होणं, असं ते आहे. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, पेशंट घेतो अशी पाटी लावणाऱ्या सेंटरने हा कायदा आपल्याला लागू नाही असं कसं म्हणायचं, मला तरी कळत नाही. आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या माणसाला जे संरक्षण आहे ते महिन्याला २५-३० हजार भरणाऱ्या, किंवा न भरू शकणाऱ्या, माझ्या आत्याला का नसावं?

बांधण्याचा दुसरा प्रकार वळही ठेवत नाही. संध्याकाळी सातला जेवण, आठला गोळी, सकाळपर्यंत शांत. डिमेन्शियाच्या पेशंटला रात्री अस्वस्थ होतात म्हणून क्वेटियापिनसारखी मनोविकारावरची औषधं दिली जातात, कधीकधी ती खरंच लागतात, नाही असं नाही. पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २००५ सालीच इशारा दिलाय की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये ह्या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, आणि २००८ मध्ये तो इशारा ह्याच प्रकारच्या जुन्या औषधांनाही लावला. म्हणून ती कमीत कमी डोसमध्ये, कमीत कमी दिवस आणि पुन्हा पुन्हा तपासून द्यायची असतात. आपल्याकडे एकदा सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहते कारण ती बंद केली तर रात्री एक माणूस जास्त लागेल. आणि अचानक गोंधळलेला म्हातारा माणूस हा पुष्कळदा लघवीचं इन्फेक्शन झालेला किंवा पाणी कमी प्यायलेला माणूस असतो, त्याला आधी तपासायचं की आधी झोपवायचं हेही शेवटी स्टाफ किती आहे त्यावरच ठरतं.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने लहान वाटतील पण त्याही ह्याच कारणातून येतात. लांब केसांच्या बायकांचे केस आल्या आल्या कापून टाकतात कारण विंचरायला वेळ नाही. कवळ्या, चष्मे, कानाची मशिनं हरवतात म्हणून ऑफिसच्या कपाटात डबीत ठेवतात, मग कवळी नाही म्हणून सगळ्यांना पातळ भात, आणि मशिन नाही म्हणून आजोबा काही बोलत नाहीत, मग म्हणायचं हल्ली त्यांना काही समजत नाही. कपडे धुऊन आले की ज्याच्या मापाला बसेल त्याला. मला हे फार लागतं. आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला गेलेल्या माणसाच्या अंगात दुसऱ्याचं नाव मार्करने लिहिलेला बनियन असतो.

आता ह्यावर नियम काय आहे म्हणून शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही. २००७चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायदा सगळ्यांना ऐकून माहितीये, मुलांनी सांभाळलं नाही तर प्रांताकडे जायचं, महिना १० हजारांपर्यंत पोटगी मिळते वगैरे. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी सरकार वृद्धाश्रम काढू शकतं आणि त्याची मानकं ठरवू शकतं असंही आहे, पण ते सरकारने काढलेल्या वृद्धाश्रमांपुरतं. खाजगी सेंटर कुठल्या तरी ट्रस्टच्या नावावर किंवा शॉप अॅक्टवर निघतं. धर्मादाय आयुक्त ट्रस्टचे हिशोब बघणार, कोणाची कूस बदलली का ते थोडीच बघणार. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राने लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं होतं, त्यात खाजगी केअर होमचं रजिस्ट्रेशन आणि किमान मानकं दोन्ही होतं, घरी माणसं पाठवणाऱ्या एजन्सींचंही होतं, ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा विधेयकही तसंच संपलं. भेळेच्या गाडीला एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेचं, रजिस्ट्रेशन लागतं आणि नळीने जेवण भरवणाऱ्या घराला प्रत्यक्षात कोणी काहीच विचारत नाही, हे आपण इतकी वर्षं कसं चालवून घेतलं?

पण नवा कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. १९४९चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात आहेच, शहरात त्याची अंमलबजावणी महापालिका करते. त्यातल्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा शरीराने दुबळ्या झालेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांचे उपचार आणि शुश्रूषा जिथे होते ती जागा येते. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, नाकातली नळी, बेडसोरचं ड्रेसिंग, इन्सुलिनची इंजेक्शनं जिथे रोज चालतात ती जागा ह्यात बसत नाही असं कोणी म्हणूच शकत नाही. स्वतः हिंडूफिरू शकणाऱ्या ज्येष्ठांच्या वसतिगृहाला हे लावू नका, ते वेगळं आहे, पण पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाने निदान बेडरिडन पेशंट ठेवणाऱ्या प्रत्येक जागेची यादी करावी आणि त्यांना ह्या नोंदणीखाली आणावं. समाजकल्याण आयुक्तालय तर पुण्यातच आहे, त्यांनी आणि महापालिकेने एकत्र बसायला काही दिल्लीची परवानगी लागत नाही.

आकडा कशाला, घरगुती वातावरण महत्त्वाचं, असं म्हणणारे भेटतात. इंग्लंडमध्येही ठरावीक आकडा नाही, 'पुरेसा स्टाफ' एवढंच म्हटलंय, पण तिथे केअर क्वालिटी कमिशन नावाची यंत्रणा येऊन तपासते, चारपैकी एक श्रेणी देते, अहवाल कोणालाही वाचता येतो आणि श्रेणी सेंटरच्या दर्शनी भागात लावावी लागते. आपल्याकडे तपासणारंच कोणी नाही तिथे 'पुरेसा' म्हणजे मालकाला परवडेल तेवढा. म्हणून आकडा हवा. अमेरिकेने २०२४ मध्ये नर्सिंग होमसाठी माणशी रोज किमान ३.४८ तास नर्सिंगचा नियम आणला, मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, म्हणजे पैसेवाल्या देशातही हे भांडण सोपं नाही. तरी तो आकडा डोळ्यापुढे ठेवा, २० बेडला दिवसाचे जवळजवळ ७० तास होतात, म्हणजे १२ तासांच्या सहा ड्युट्या. मी रात्रीच्या फक्त दोन जाग्या माणसांबद्दल बोलतेय.

खर्चाचं म्हणाल तर तेही मांडू. एका जादा मावशीचा पगार जेवणखाण धरून महिना २० हजार धरला तर २० बेडमध्ये माणशी १ हजार रुपये येतात. ज्यांना २५-३० हजार भरावे लागतात त्यातल्या बहुतेकांना हे सांगितलं आणि रात्रीची हजेरी दाखवली तर ते देतील. ज्यांना नाही परवडणार त्यांच्यासाठी सरकारने आणि महापालिकेने पैसे घालायला हवेत, ह्यात मला कुठलाही संकोच वाटत नाही. नव्या पेठेतलं निवारा, म्हणजे जुनं डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, एकोणिसाव्या शतकापासून ह्या शहरात आहे, राज्याने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांची जबाबदारी समाजाची आहे हे पुण्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

मात्र नुसता आकडा वाढवून मावशींना २४ तास राबवणार असाल तर काही उपयोग नाही. मला भेटलेल्या बहुतेक मावशी लातूर, बीड, परभणीकडच्या होत्या, गावाकडे शेती नाही किंवा नवरा नाही, लेकरं आईकडे ठेवून आलेल्या. महिनोन्महिने सुट्टी नाही, शिकवलेलं काही नाही, आधीच्या मावशीने दाखवलं तेच ट्रेनिंग. नळीतून भरवताना माणसाला अर्धवट बसतं करायचं आणि नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न छातीत जाऊन न्यूमोनिया होतो, हे त्यातल्या एकीला तरी कोणी बसून समजावलं होतं का? १२ तासांच्या वर ड्युटी नको, आठवड्याची सुट्टी हवी, झोपायला पेशंटपासून वेगळी खोली हवी, आणि कामावर लागायच्या आधी निदान काही आठवड्यांचं खरं शिक्षण हवं, सर्टिफिकेट विकत मिळणारं नको. जिला स्वतःला माणसासारखं वागवलं जात नाही तिच्याकडून आपण आपल्या आईसाठी मायेची अपेक्षा करतोय, हे बरोबर नाही.

घरी तरी कोण एवढं करत होतं, असंही सुनावलं जातं, आणि ह्याच वाक्याने नातेवाईक गार पडतात. मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूला, इथे असलेल्या सुनेची स्वतःची कंबर गेलेली, आपण आपल्या माणसाला सोडलंय ही टोचणी आधीच असते. त्यात प्रश्न जास्त विचारले की ऐकवतात, तुम्हाला पटत नसेल तर पेशंट घेऊन जा. कुठे नेणार? दुसरीकडे बेड नाही, डिपॉझिट अडकलेलं, आणि मनात भीती की आपण भांडलो त्याचा राग रात्री आत असलेल्या माणसावर निघेल. ही भीती खोटी नाहीये. म्हणून नियमात हे सगळ्यात आधी यायला हवं की तक्रार केली म्हणून कोणाला काढता येणार नाही, काढायचंच असेल तर लेखी कारण आणि किमान ३० दिवस द्यायचे, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार ते करारात लिहायचं. पैसे घेऊन सेवा देताय म्हणजे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जाब द्यावा लागतो, हेही लोकांना माहीत असू दे.

आणि भेटीच्या वेळा. चार ते पाच, रविवारी बंद, येण्याआधी फोन करा. हॉस्पिटलच्या आयसीयूला हे समजू शकतं, पण हे त्या माणसाचं राहतं घर आहे. जवळच्या नातेवाइकाला कधीही, न सांगता, रात्रीसुद्धा आत येता आलं पाहिजे, बाकीच्यांची झोप न मोडता. आत येऊन पांघरूण बाजूला करून टाचा बघता आल्या पाहिजेत, कूस बदलल्याचा तक्ता बघता आला पाहिजे, आणि दर महिन्याचं वजन. वजन फार बोलतं. तीन महिन्यांत पाच किलो गेलं तर भरवायला कोणी बसत नाहीये हे कळतं, मग ताट कितीही छान वाढलेलं असो.

ज्यांचं कोणीच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतो, आणि इन्स्पेक्टर नेमला तर तो पाकीट घेऊन जाईल ही शंकाही रास्त आहे. दोन्हीसाठी मला एकच उपाय दिसतो. पुण्यात जवळजवळ प्रत्येक भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यात निवृत्त नर्सेस, डॉक्टर, शिक्षक, बँकेतली माणसं आहेत, ज्यांचे हातपाय चालतात आणि ज्यांना वेळ आहे. महापालिकेने प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाखाली अशा लोकांची भेट समिती करावी, दोघंदोघं जातील, त्यात एक तरी नर्सिंग कळणारी व्यक्ती असेल, आणि सेंटर चालवणाऱ्यांचे नातेवाईक किंवा तिथे पेशंट पाठवून कमिशन घेणारे त्यात नसतील. त्यांना कुठल्याही वेळी, म्हणजे रात्री एक वाजतासुद्धा, आत जायचा अधिकार लेखी द्यावा. गेल्यावर त्यांनी मोजायचं ते एवढंच, किती पेशंट, किती माणसं जागी, कोणाचे हात बांधलेले आहेत का, नव्याने बेडसोर किती जणांना झाले. भेटीची तारीख आणि वेळ घालून तो एक पानाचा अहवाल महापालिकेच्या वेबसाइटवर सेंटरच्या नावासकट मराठीत टाकावा, आणि सेंटरला त्यावर उत्तर द्यायचं असेल तर तेही तिथेच खाली छापावं.